तज्ज्ञ साक्षीदारावरचे निवाडे: वाचायचे कसे, कोर्टात वापरायचे कसे

साठेखतावरची सही माझी नाही, असं प्रतिवादी म्हणतो. वादीने खासगी हस्ताक्षर तज्ज्ञ तपासला आहे. उद्या युक्तिवाद. सिनिअर गाडीत बसता बसता सांगतात, "एक्स्पर्टवरच्या दोन-चार ऑथॉरिटी काढून ठेव." रात्री तुम्ही लॅपटॉप उघडता आणि तासाभरात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे हाती लागतात. पहिला सांगतो, केवळ हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मतावर दोषी ठरवणं धोक्याचं. दुसरा सांगतो, तज्ज्ञाच्या मताला दुजोरा हवाच असा काही नियम नाही. दोन्ही आपल्याच फाईलसाठी लिहिल्यासारखे वाटतात आणि एकमेकांच्या विरोधातही वाटतात.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे. मी स्वतः नवखा असताना हेडनोट (निवाड्याच्या वर छापलेला सारांश) उतरवून काढायचो, समोरचे वकीलही तेच करायचे आणि न्यायाधीश दोघांच्याही झेरॉक्स फाईलला लावून निकाल भलत्याच मुद्द्यावर द्यायचे. पुढे कळलं की तज्ज्ञांवरचा निवाडा म्हणजे सूत्र नसतं. त्या खटल्यात तज्ज्ञाच्या मताखालचा पाया नेमका कुठे खचला किंवा कुठे टिकला, याची ती हकीकत असते. आपल्या फाईलमधला पाया त्याच्याशी ताडून पाहायचा. बाकी सगळं त्यातून येतं.

पहिली पायरी: कोणता कायदा लागू आहे ते ठरवा

ही कंटाळवाणी पायरी आहे, पण चुकली की पहिल्याच मिनिटाला तोंडावर पडाल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. मात्र त्या दिवशी जे खटले आणि दावे प्रलंबित होते ते १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात. त्यामुळे फाईल २०१९ ची असेल तर कलम ४५ म्हणा, नवी असेल तर कलम ३९.

जुनं-नवं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तज्ज्ञाचं मत: ४५ चं ३९(१). इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या परीक्षकाचं मत: ४५अ चं ३९(२). मताला पुष्टी देणारी किंवा छेद देणारी तथ्यं: ४६ चं ४०. हस्ताक्षर ओळखणाऱ्या माणसाचं मत: ४७ चं ४१. मतामागची कारणं: ५१ चं ४५. न्यायालयाने स्वतः सह्या ताडून पाहणं: ७३ चं ७२. गंमत बघा, जुना ४५ हा तज्ज्ञाचा आणि नवा ४५ हा मतामागच्या कारणांचा. नुसतं "कलम ४५" म्हणालात तर कोणता कायदा ते सांगावंच लागेल.

मजकुरातही एक बदल आहे. जुन्या कलमात परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे एवढे विषय होते. नव्यात "अथवा अन्य कोणतंही क्षेत्र" अशी भर पडली आहे. "हा विषय विज्ञानात बसत नाही आणि कलेतही नाही" ही जुनी हरकत त्यामुळे आता फारशी चालणार नाही. जुने निवाडे मात्र रद्दबातल झालेले नाहीत. मूळ तत्त्व तेच राहिलं आहे.

दुसरी पायरी: भांडण दाराशी आहे की तराजूपाशी?

नवे वकील इथे हमखास गोंधळतात. "तज्ज्ञाचा पुरावा ग्राह्य नाही" हे एक म्हणणं आणि "तज्ज्ञाच्या पुराव्याला वजन देऊ नये" हे दुसरं. आपल्याकडे तज्ज्ञाला दारातूनच परत पाठवल्याची उदाहरणं कमी. तो आत येतो, साक्ष देतो आणि खरी लढाई त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं यावर होते.

इंटरनेटवर शोधलंत तर सगळ्यात आधी अमेरिकेतला १९९३ चा डॉबर्ट खटला समोर येईल. तिथे न्यायाधीशाने ज्युरीसमोर जाण्याआधीच तज्ज्ञाची पद्धत तपासायची असते: तिची चाचणी होऊ शकते का, ती इतर जाणकारांनी तपासली आहे का, चुकीचं प्रमाण किती, त्या क्षेत्रात ती मान्य आहे का. वाचायला उत्तम. उलटतपासणीचे प्रश्न काढायला तर फारच उपयोगी. पण आपल्याकडे ज्युरी नाही आणि डॉबर्ट हा आपला कायदाही नाही. तो "ऑथॉरिटी" म्हणून पुढे करू नका.

आपल्याकडचा जवळचा आधार म्हणजे रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल, (२००९) ९ एससीसी ७०९ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' ही निवाड्यांची छापील मालिका). वैद्यकीय हलगर्जीच्या ग्राहक तक्रारीतून निघालेला हा निवाडा. विषय असा हवा की तज्ज्ञाशिवाय न्यायालयाला तो समजणार नाही. क्षेत्र मान्यताप्राप्त हवं, तत्त्वं विश्वासार्ह हवीत, माणूस त्या विषयात पात्र हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तज्ज्ञाने निष्कर्षाबरोबर सामग्री आणि कारणं न्यायालयापुढे ठेवली पाहिजेत, कारण तो घटनेचा साक्षीदार नसतो. तो सल्ला देतो, निर्णय न्यायाधीशाचा.

जाता जाता एक आवडती गोष्ट. जुन्या कलम ४६ खाली एक दृष्टान्त होता: बंदरात गाळ साचला तो अमुक समुद्रभिंतीमुळे का? तर तशी भिंत नसलेल्या, बाकी सारख्याच असलेल्या इतर बंदरांतही त्याच सुमारास गाळ साचू लागला, हे तथ्य संबद्ध आहे. तज्ज्ञ साक्षीच्या इतिहासात मुळाशी सांगितला जाणारा इंग्लंडमधला १७८२ चा फोक्स विरुद्ध चॅड हा खटलाही वेल्स नावाच्या बंदरातल्या गाळाचाच. त्यात जॉन स्मीटन या अभियंत्याची साक्ष घ्यावी की नाही असा वाद होता आणि लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ती घ्यावी असं ठरवलं. कोकणातल्या वकिलाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगायला नको. समोरच्या तज्ज्ञाचं मत पाडायला दरवेळी दुसरा तज्ज्ञच लागतो असं नाही, शेजारच्या बंदरातलं एखादं साधं तथ्यही पुरतं.

तिसरी पायरी: हा माणूस या प्रश्नाचा तज्ज्ञ आहे का?

पदवी पाहून दबकू नका. हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल, (१९९९) ७ एससीसी २८०, हा निवाडा मुळातून वाचा. सफरचंदांवर खपल्या रोग पडला होता. रोगट फळं सरकारने ठरावीक भावाने घ्यायची अशी योजना निघाली. पुढे आरोप झाला की काही बागायतदारांनी त्यांच्या बागांत पिकूच शकणार नाहीत एवढी फळं विकल्याचं दाखवलं. बागेची क्षमता किती, हे सांगायला फलोत्पादन खात्याचा अधिकारी उभा केला. न्यायालयाने विचारलं, फळझाडांचं उत्पन्न ठरवण्याचा याचा खास अभ्यास कोणता, अनुभव कोणता? नुसतं त्या खात्यात असणं पुरेसं नाही. तज्ज्ञाने न्यायाधीशाला असे निकष द्यायला हवेत की ते लावून न्यायाधीश स्वतः निष्कर्ष पडताळून पाहू शकेल.

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागेच्या नुकसानभरपाईत नेमका हाच प्रश्न येतो. एका कलमाला किती पेट्या, याचा आकडा कृषी पदवीधर देतो. त्याला विचारायचं: अशी किती कलमं मोजलीत, कोणत्या हंगामात, चढत्या वर्षी की उतरत्या, झाडाचं वय कसं ठरवलंत, टिपणं कुठे आहेत? प्रश्न आदराने विचारा. अडवून बोललात तर साक्षीदार सावध होतो, शांतपणे विचारलंत तर तो स्वतःच सांगतो की टिपणं घरी राहिली.

चौथी पायरी: विरोधी वाटणारे निवाडे शेजारी ठेवून वाचा

आता सुरुवातीच्या त्या दोन निवाड्यांकडे. मगनबिहारीलाल विरुद्ध पंजाब, (१९७७) २ एससीसी २१०, यात बनावट रेल्वे पावतीचा प्रश्न होता आणि पुष्टी देणारा भरीव पुरावा नसताना केवळ हस्ताक्षर तज्ज्ञावर शिक्षा टिकवणं असुरक्षित मानलं गेलं. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश, (१९८०) १ एससीसी ७०४, यात न्या. चिनप्पा रेड्डी यांनी आधीचे निवाडे एकेक करून तपासले आणि सांगितलं की तज्ज्ञ म्हणजे गुन्ह्यातला साथीदार नव्हे. साथीदाराच्या जबानीकडे जसं संशयाने पाहतात तसं त्याच्याकडे पाहण्याचं कारण नाही. सावध राहायचं ते माणसाचा अंदाज चुकू शकतो म्हणून. शास्त्र जितकं पक्कं, तितकी चुकीची शक्यता कमी. बोटांच्या ठशांचं शास्त्र खूप पुढे गेलेलं, हस्ताक्षराचं तितकं नाही.

म्हणजे दोघांत भांडण नाही. मुरारीलाल सांगतो की दुजोऱ्याचा कायदेशीर नियम नाही, पण कारणं तपासा आणि बाकीचा पुरावा पाहा. मगनबिहारीलालमध्ये ते तपासल्यावर हाताला काही लागलं नाही. तुमच्या फाईलमध्ये तज्ज्ञ सोडून सहीबद्दल आणखी काय आहे? साक्षीदाराची सही, विसारापोटी खात्यावर गेलेले पैसे, ताबा, त्या दिवशी प्रतिवादी त्या गावात होता याचा पुरावा? असेल तर मुरारीलाल तुमचा. नसेल तर समोरचा वकील मगनबिहारीलाल वाचणार हे गृहीत धरा, आणि तो वाचण्याआधी तुम्हीच त्याचा उल्लेख करून फरक सांगा. आपल्या विरोधातला निवाडा आपणच दाखवणाऱ्या वकिलाकडे न्यायाधीश पुढच्या तारखेलाही लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव.

मृत्युपत्राच्या वादात शशीकुमार बॅनर्जी विरुद्ध सुबोधकुमार बॅनर्जी (१९६४) जरूर पाहा. हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत प्रत्यक्ष पुराव्याची जागा क्वचितच घेऊ शकतं, असं तिथे म्हटलं आहे.

पाचवी पायरी: नमुना कुठून आला ते शोधा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडून ही एकच पायरी नीट करा. माझ्या मते तज्ज्ञाच्या निम्म्याहून जास्त केसेस इथेच ठरतात.

जनरल अरुणकुमार वैद्य यांची १९८६ मध्ये पुण्यात हत्या झाली. त्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुखदेव सिंग, (१९९२) ३ एससीसी ७००, हस्ताक्षराबाबत दोन गोष्टी नि:संशय सिद्ध व्हायला हव्यात असं सांगतो. एक, ज्याच्याशी तुलना केली तो नमुना किंवा कबूल हस्ताक्षर त्याच माणसाचं आहे. दोन, तज्ज्ञ सक्षम आणि विश्वासार्ह आहे. पहिली गोष्ट आपण सगळे विसरतो. नमुनाच संशयास्पद असेल तर कितीही मोठा तज्ज्ञ काय करणार?

आरोपीकडून नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या अकरा न्यायाधीशांच्या निवाड्याने कधीच ठरवलं आहे. आवाजाच्या नमुन्याबाबत २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात तसंच ठरलं आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३४९ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग मात्र संमतीशिवाय करता येत नाही: सेल्वी विरुद्ध कर्नाटक, २०१०. "नार्को करा म्हणजे सगळं बाहेर येईल" असं अशील म्हणेल तेव्हा हा निवाडा काढून दाखवा.

आता एक प्रसंग जवळून. एका दाव्यात समोरच्यांनी खासगी तज्ज्ञ आणला. अहवाल अठरा पानी, स्पायरल बाइंडिंग, रंगीत मोठे केलेले फोटो, बाणांच्या खुणा. मी दोन दिवस ते फोटो पाहत बसलो आणि काही हाती लागेना. तिसऱ्या दिवशी फोटो बाजूला ठेवून अहवालाचं पहिलं पान वाचलं. "प्राप्त कागदपत्रे" या शीर्षकाखाली वादग्रस्त दस्तापुढे लिहिलं होतं: छायाप्रत. मूळ साठेखत तर कोर्टाच्या फाईलमध्ये होतं आणि ते पाहण्यासाठी कधी अर्जच झाला नव्हता. उलटतपासणीत प्रश्न साधे ठेवले. मूळ दस्त पाहिला का? नाही. पेनाचा दाब कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवून किंवा तिरप्या उजेडात कळतो ना? हो. झेरॉक्सवर कळतो का? साक्षीदार थांबला, म्हणाला, पूर्णपणे नाही. मग सातव्या पानावर "दोन्ही सह्यांतील पेनाचा दाब समान" हे कशावरून लिहिलंत? त्यावर जे उत्तर आलं ते लांबलचक होतं. मी ते तोडलं नाही, सगळं लिहून घेऊ दिलं. आणखी एक गोष्ट त्याच पानावर होती: तुलनेसाठीच्या सह्या दाव्यानंतर वकिलांच्या ऑफिसात घेतलेल्या. साठेखत अकरा वर्षांपूर्वीचं, मधल्या काळात सही करणाऱ्या आजोबांना अर्धांगाचा झटका आलेला.

म्हणून नमुन्याबाबत हे विचारा: मूळ दस्त की प्रत, त्याच काळातल्या सह्या आहेत का (बँकेचं सही-कार्ड, नोंदणीकृत खरेदीखत, सोसायटीचं कर्जप्रकरण), नमुने किती, ते कोणासमोर घेतले, आणि नमुना आधी कोर्टात सिद्ध झाला का. दिवाणी दाव्यात समोर हजर असलेल्या माणसाकडून कोर्टातच लिहून घेण्याचा अधिकार जुन्या कलम ७३, नव्या ७२ मध्ये आहे. मागितला तर मिळतो, पण मागणारे कमी.

डीएनएचंही तेच. दिल्लीतल्या छावला प्रकरणात (तरुणीवरचा बलात्कार आणि खून), राहुल विरुद्ध दिल्ली राज्य, खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला गोळा झाले आणि प्रयोगशाळेत गेले २७ फेब्रुवारीला, मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात. शिवाय डीएनए अहवालामागचा आधार काय, तंत्र नीट वापरलं का, हे कोणत्याच न्यायालयाने तपासलं नव्हतं. निकाल अनेकांना झोंबला, बाहेर संताप झाला, तो समजण्यासारखाही होता. पण तरुण वकिलाने तो निवाडा तपासी अंमलदाराच्या नजरेने वाचावा: मुद्देमाल नोंदवहीतल्या एका तारखेवर खटला कसा उभा राहतो आणि कसा कोसळतो. जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई विरुद्ध तामिळनाडू यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन नियमच घालून दिले. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, सीलबंद पाकीट न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि गोळा केल्यापासून शेवटपर्यंत तो कोणाच्या हातात होता याची नोंदवही ठेवून ती रेकॉर्डला जोडायची. आता दोषारोपपत्रात ही नोंदवही आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहायचं.

सहावी पायरी: अहवाल बोलतो, की माणसाला बोलवावं लागतं?

आपल्याकडे ज्याला सगळे "सी. ए. रिपोर्ट" (केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) म्हणतात, तो कलिना, पुणे, नागपूर वगैरे ठिकाणच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमधून येतो. असे काही सरकारी शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांना साक्षीला न बोलावता वाचता येतात: जुन्या फौजदारी संहितेचं कलम २९३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. यादी छोटी आहे आणि तिच्यात परळच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचाही समावेश आहे. ही यादी स्वतः वाचा. तिच्यात "हस्ताक्षर तज्ज्ञ" असा शब्द नाही. केशव दत्त विरुद्ध हरियाणा, (२०१०) ९ एससीसी २८६, या निवाड्यात तज्ज्ञाला न तपासता त्याच्या अहवालावर विसंबणं चूक ठरलं ते याच कारणाने.

अहवाल वाचता येतो म्हणजे प्रश्न विचारता येत नाहीत असं नाही. तज्ज्ञाला समन्स काढण्याची विनंती करता येते, फक्त कारण लिहा. "बचावासाठी आवश्यक" एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. "अहवालात कोणती चाचणी केली ते नमूद नाही" असं लिहिलेला बहुधा टिकतो.

जमिनीच्या दाव्यांत कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक मोजणी करतो. दिवाणी संहितेच्या आदेश २६ नियम १० प्रमाणे त्याचा अहवाल पुराव्याचा भाग होतो, आणि परवानगी घेऊन त्याला तपासता येतं. खासगी सर्व्हेअरचा नकाशा मात्र त्याने स्वतः येऊन सिद्ध करावा लागतो. अशिलाने खर्च करून आणलेला नकाशा नुसता दाखल करून विसरू नका. त्याला "आर्टिकल" (दाखल झालेला, पण सिद्ध न झालेला) असा शिक्का पडतो आणि तो तसाच राहतो.

सातवी पायरी: डॉक्टर

डॉक्टर आणि प्रत्यक्षदर्शी यांच्यात तफावत आली तर काय? सोळंकी चिमणभाई (१९८३) पासून अब्दुल सईद (२०१०) पर्यंत धागा एकच: प्रत्यक्षदर्शी विश्वासार्ह असेल तर त्याचं ऐका. वैद्यकीय पुरावा त्याची गोष्ट पूर्णपणे अशक्य ठरवत असेल तरच मामला उलटतो. "जखम धारदार शस्त्राने होणं संभवत नाही" आणि "अशी जखम कोयत्याच्या बोथट बाजूनेही होऊ शकते" या दोन वाक्यांमध्ये हजार निकाल लागले आहेत. तेव्हा डॉक्टरला विचारताना शस्त्र दाखवून विचारा.

दयालसिंग विरुद्ध उत्तरांचल, (२०१२) ८ एससीसी २६३, हे वेगळं प्रकरण. लाठ्यांनी मारल्याचं साक्षीदार सांगतात आणि शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचं कारण लावता येईल अशी एकही जखम नाही. न्यायालयाने अहवालच हलगर्जीचा मानला, शिक्षा कायम ठेवली आणि जबाबदार डॉक्टरवर कारवाईचे आदेश दिले. डॉक्टर आणि साक्षीदार यांच्यात कोण चुकलं, हे दरवेळी एकाच बाजूने ठरत नाही.

वैद्यकीय हलगर्जीत दोन निवाडे नेहमी जोडीने ठेवा. फौजदारी कारवाईसाठी जेकब मॅथ्यू, (२००५) ६ एससीसी १: स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर पुढे जाऊ नये. ग्राहक आयोगासाठी व्ही. किशन राव, (२०१०) ५ एससीसी ५१३: प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असं नाही. पोटात गॉज राहिलं हे सांगायला प्राध्यापक कशाला?

आठवी पायरी: मोबाईल, व्हिडिओ, सीसीटीव्ही

थोडक्यात. २०१४ च्या अनवर निवाड्याने क्रम ठरवून दिला: आधी इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायचं प्रमाणपत्र, मग तज्ज्ञाचं मत. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक याचिकेत तो पक्का झाला. वाद होता उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुरावा म्हणून हवं होतं. वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. प्रमाणपत्र बंधनकारक, मात्र प्रयत्न करूनही मिळत नसेल तर न्यायालयाला सांगून ते मागवून घ्या, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. नव्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. भाग 'अ' पक्षकाराचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. फक्त 'अ' भरून दाखल केलेली प्रमाणपत्रं मी रोज पाहतो.

नववी पायरी: धनादेश तज्ज्ञाकडे पाठवायचा का?

धनादेश न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या खटल्यांत नव्या वकिलाचा पहिला तज्ज्ञ-अर्ज इथेच होतो. आरोपीला बचावाचा पुरावा देण्याचा हक्क आहे आणि त्यात धनादेश तज्ज्ञाकडे पाठवणंही येतं, हे टी. नागप्पा, (२००८) ५ एससीसी ६३३, मध्ये आहे. पण त्याच निवाड्यात हेही आहे की अर्ज खरा हवा, वेळकाढूपणा नको. आता स्वतःला विचारा: आरोपीने नोटिशीला उत्तर देताना सही नाकारली होती का? तेव्हा "धनादेश हरवला" म्हणाला असेल आणि आता "सही माझी नाही" म्हणत असेल, तर अर्ज फेटाळला जाईल आणि पुढचा सगळा बचाव संशयास्पद दिसेल. सही कबूल आणि मजकूर दुसऱ्याचा असेल तर तज्ज्ञाने मजकूर दुसऱ्याचा म्हटल्याने फार काही साधत नाही, कारण सही केलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो आपोआप बाद होत नाही. "शाईचं वय काढा" असा अर्ज करण्याआधी कोणती प्रयोगशाळा ते करून देते, हे फोन करून विचारून घ्या.

न्यायाधीशांनी स्वतःच भिंग घेऊन सह्या पाहाव्यात असा आग्रह धरू नका. कायदा परवानगी देतो, पण दिल्ली राज्य विरुद्ध पालीराम, (१९७९) २ एससीसी १५८, सांगतो की तज्ज्ञाशिवाय असं करायला न्यायाधीशाने कचरावं. अंगठ्याबाबत तिरुवेंगडम पिल्लई, (२००८) ४ एससीसी ५३०, आहे: पुसट ठसे नुसत्या डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढणं योग्य नाही. सातबारावाल्या दाव्यांत अंगठ्याचे जुने दस्त फार येतात, हा निवाडा फाईलमध्ये कायम असू द्या.

दहावी पायरी: निवाडा न्यायाधीशांसमोर ठेवताना

पूर्ण निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतो, काहींचा मराठी अनुवादही तिथे आहे. हेडनोटवर विसंबू नका, आणि चॅटबॉटने दिलेलं सायटेशन उघडून पाहिल्याशिवाय कधीही देऊ नका. अस्तित्वातच नसलेला निवाडा दाखल झाला की दोष तुमच्या सहीवर येतो.

प्रत्येक निवाड्यासाठी एका पानाचं टिपण करा. वर त्या खटल्यातला तज्ज्ञ कोण, त्याने काय पाहिलं, काय पाहिलं नाही, बाकी पुरावा काय होता आणि न्यायालयाने कुठे बोट ठेवलं. खाली आपल्या फाईलमधली त्याच जागेवरची वस्तुस्थिती, निशाणी क्रमांक (कोर्टाने दस्ताला दिलेला क्रमांक) आणि साक्षीतल्या परिच्छेदासह. वाचून दाखवायचा परिच्छेद एकच निवडा.

साक्षीचा मराठी आणि इंग्रजी पाठ दोन्ही वाचा. आपल्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि न्यायाधीश इंग्रजीतही टिपतात, त्यात "जुळण्याची शक्यता नाकारता येत नाही" याचं "जुळतं" झालेलं मी पाहिलं आहे. दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आठवड्याने कुणी ऐकत नाही. आणि तज्ज्ञ पिंजऱ्यातून उतरण्याआधी त्याच्या मोठ्या केलेल्या फोटोंना वेगळे निशाणी क्रमांक पडले आहेत का ते लिपिकाकडे जाऊन बघा. अपिलात रेकॉर्ड वर जातं तेव्हा अहवाल पोचतो आणि बाणांच्या खुणांचे फोटो मागेच राहतात.